मेजर मावशींची हौस

मेजर मावशी धावताना बोलत असत, आणि तेही मोठ्याने. सोबत कोणी असो वा नसो. पहाटे साडेपाचला लखनौ छावणीतल्या रस्त्यांवरचे दिवे अजून जळत असायचे, जवानांच्या तुकड्या एका तालात पावलं टाकत पुढे जायच्या, आणि त्यांच्या कडेकडेने साठी ओलांडलेली, बुटकी, रुंद खांद्यांची एक बाई आपल्या उजव्या गुडघ्याला अस्सल वऱ्हाडीत झापत चाललेली असायची. "काऊन रे? काल तर चांगला होता! आज काय झालं तुले?" जवान मान वळवून बघत. त्यांना शब्द कळत नसत, पण सूर ओळखीचा वाटत असावा. मावशींनी आयुष्याची सत्तावीस वर्षं त्याच सुरात जखमी जवानांना पलंगावरून खाली उतरवलं होतं. लष्करी रुग्णालयात त्या परिचारिका होत्या, मेजर म्हणून निवृत्त झाल्या, आणि अमरावतीला परत जायच्या ऐवजी शेवटची नेमणूक होती तिथेच, छावणीला लागून असलेल्या एका कॉलनीत दोन खोल्यांचं घर घेऊन राहिल्या. लग्न केलं नव्हतं. "वेळ नाही मिळाला" एवढंच त्या सांगत, आणि ते इतक्या सरळ सुरात सांगत की पुढे विचारायची कोणाची हिंमत होत नसे.

माझी त्यांची ओळख बँकेत झाली. बदलीवर मी लखनौला नुकताच आलो होतो. बायको चिपळूणला शाळेत शिक्षिका, त्यामुळे ती आणि मुलगी तिकडे, आणि मी सरोजिनी नगरला एका भाड्याच्या खोलीत. नोव्हेंबरात निवृत्तांची हयातीचे दाखले भरायला गर्दी होते, त्या गर्दीत ही बाई हातात हेल्मेट घेऊन आली. आमचा कारकून अदबीने म्हणाला, "माताजी, किसके साथ आई हैं?"

"अपने साथ," मावशी म्हणाल्या आणि हेल्मेट काउंटरवर ठेवलं.

मग त्यांनी माझ्या टेबलावरची पाटी वाचली. "साळवी? म्हणजे कोकणातले. इथे किती तास बसता?"

"बदलीला दोन महिने झाले," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं. या खुर्चीत रोज किती तास?"

"नऊ. कधी दहा."

त्यांनी माझ्याकडे, विशेषतः माझ्या पोटाकडे, नर्सच्या नजरेने पाहिलं. "मग हयातीचा दाखला आधी तुम्हीच भरा. माझा नंतर घेतला तरी चालेल."

पंधरा दिवसांत मी त्यांच्याच कॉलनीत राहायला आलो. खोली त्यांनीच शोधून दिली. त्याचं भाडं म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. मी पहिल्या दिवशी दोनशे पावलं धावलो असेन. मग रस्त्याच्या कडेला बसलो आणि मला उलटी झाली. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "झालं? तोंड पूस. आता परत जायचं ते चालत जायचं, रिक्षा नाही." त्या दिवसापासून त्या मला तू म्हणू लागल्या, पण हाक मात्र फौजेच्या पद्धतीने आडनावानेच मारत.

त्या वेगवान होत्या असं कोणी समजू नये. छावणीत सकाळी फिरायला येणारे काही सद्गृहस्थ नुसते चालतच त्यांच्या पुढे निघून जात. त्यांची टाच दर उन्हाळ्यात दुखायची. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली वीस पावलं त्या भिंत धरून टाकत, हे मी स्वतः पाहिलं आहे. एकदा कुत्रं पोटरीला चावलं आणि पाच सुया झाल्या. एका जूनमध्ये ऊन लागून रस्त्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली. मी म्हणायचो, "मावशी, गुडघा एवढं सांगतोय तर ऐका की."

"ऐकते ना. ऐकायचं सगळं, मानायचं थोडं. गुडघा म्हणजे सासू."

"तुम्हाला कुठे सासू होती?"

"म्हणून तर गुडघा दिला देवाने."

लोकांचा एक प्रश्न त्यांना रोज भेटायचा. कशासाठी? वजन कमी करायचंय का, साखर आहे का, डॉक्टरांनी सांगितलं का, कुठे पदक मिळतं का. एखाद्या बाईने या वयात धावायचं तर त्यामागे निदान एखादा आजार तरी असायला हवा, असं सगळ्यांना वाटे. मावशींचं उत्तर एकच. "हौस." हिंदीत विचारलं तर "शौक़ है." आणि समोरचा पुढच्या कारणाची वाट बघत उभा राही, तोवर या पुढच्या वळणावर पोचलेल्या असत.

मोटारसायकल हा त्याहून मोठा गुन्हा होता. ती साडेतीनशे सीसीची काळी गाडी त्यांनी पन्नाशीला टेकताना घेतली आणि त्यानंतर शिकल्या. "आधी शिकले असते तर घाबरून घेतलीच नसती." गाडी त्यांच्यापेक्षा उंच वाटायची. थांबताना एक पाय पुरता टेकत नसे, म्हणून त्या नेहमी फुटपाथच्या कडेला थांबत. थंडीत ती सुरू होत नसे. मावशी किक मारत राहत, दहा, पंधरा, वीस, आणि कॉलनीतल्या खिडक्या एकेक करून उघडत. कॉलनीचे सेक्रेटरी श्रीवास्तवजी निवृत्त अधिकारी होते, माणूस सज्जन, पण आवाजाने त्यांची पूजा मोडायची. एक दिवस ते खाली आले. "मेजर साहिबा, बुरा मत मानिए, पर इस उम्र में यह सब शोभा देता है क्या?"

मावशींनी किक मारायचं थांबवून घाम पुसला. "शोभा? शोभा मेरे साथ नर्सिंग में थी, भाई साहब. अब अकोला में है. अच्छी है."

तेवढ्यात गाडी सुरू झाली आणि श्रीवास्तवजींचं उत्तर कोणालाच ऐकू आलं नाही.

रविवारी त्या बख्शी का तालाबकडे जात. शहर संपलं की हवाई दलाच्या तळाच्या पुढे शेतं लागतात, तिथे एका टपरीवर चहा घ्यायचा, शेतकऱ्याकडून पालेदार मुळे आणि वाटाणे घ्यायचे, आणि परत. मी एकदा विचारलं, "भाजीसाठी वीस किलोमीटर? भाजी कोपऱ्यावर मिळते."

"कोपऱ्यावरच्या भाजीला वारा लागत नाही," त्या म्हणाल्या.

अशाच एका जानेवारीच्या रविवारी दहा-साडेदहाला मला त्यांच्या फोनवरून फोन आला. बोलणारा अनोळखी तरुण होता. "भैया, आप अम्मा के कौन हैं? गिर गई हैं. हम अस्पताल ला रहे हैं."

मी पोचलो तेव्हा त्या स्ट्रेचरवर होत्या. उजवा घोटा दोन ठिकाणी मोडलेला, गळ्याजवळचं हाड मोडलेलं, गालावर खडीचे ओरखडे. तीन तरुण भिंतीपाशी उभे होते, त्यांच्या शर्टांवर मावशींचं रक्त होतं. त्यांची पिकअप बाहेर उभी होती आणि तिच्यात मावशींचे मुळेही त्यांनी गोळा करून आणले होते. त्यांतला एक मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "गलती हमारी भी है. मज़ाक में कुछ बोल दिया था."

शस्त्रक्रियेला नेण्याआधी मावशींनी मला जवळ बोलावलं. शुद्धीवर होत्या, आणि खजीलही. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घडलं ते असं. धुकं नुकतंच उठत होतं. पिकअपच्या मागे बसलेल्या या पोरांनी ओरडून सांगितलं, अम्मा, घर जाके पूजा-पाठ करो. मावशींना राग आला. उजवीकडून वाट नव्हती तर त्यांनी डावीकडून, कच्च्या कडेवरून गाडी पुढे काढायला बघितली. चाक खडीवर गेलं.

"आणि त्याच पोरांनी उचललं मला," त्या म्हणाल्या. "एकाने पूर्ण वाट डोकं मांडीवर धरलं. साळवी, कोणाला सांगू नको. सांड आडवा आला म्हणून सांग."

"का पण?"

"मी चुकले असं कळलं तर गाडी काढून घेतील. सांड म्हटलं की नुसते हळहळतील."

मी सांड सांगितला. आमच्या भागात मोकाट सांडांची कमी नाही, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. उलट कॉलनीत प्रत्येकाकडे आपापला एक सांड होता, तो घेऊन लोक भेटायला येत. कोणाच्या मेहुण्याची स्कूटर, कोणाच्या साडूची कार. मावशी डोळे मिटून ऐकत. मला मात्र दरवेळी मान खाली घालावीशी वाटे. ज्या पोरांनी त्यांना वाचवलं, ती या गोष्टीत कुठेच नव्हती.

चार दिवसांनी अमरावतीहून त्यांचे थोरले भाऊ आले. मावशी त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. सत्तरीचे, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे आणि आतून फार मायाळू. पहिल्या रात्री त्यांनी बहिणीच्या पायथ्याशी बसून डोळे पुसलेले मी पाहिले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कामाला सुरुवात केली. हे घर भाड्याने द्यायचं, बहिणीला अमरावतीला न्यायचं, आणि गाडी विकायची. श्रीवास्तवजींनी मदतीला म्हणून गिऱ्हाईकही आणलं. तो गृहस्थ खाली गाडी बघून वर आला आणि आम्ही सगळे मावशींच्या बैठकीत बसलो. मावशींचा प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर, हात गळ्यात बांधलेला.

दादा समजुतीने म्हणाले, "हे पाह्य, तुही चूक होती असं कोणी म्हणत नाही. पण सांडाचा काय भरवसा? आज आला, उद्या बी येईन. नशिबापुढं कोणाचं चालते?"

श्रीवास्तवजींनी मान डोलावली. गिऱ्हाईकानेही डोलावली. मावशींनी त्या डोलणाऱ्या मानांकडे पाहिलं.

"दादा, सांड नव्हता," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"नव्हताच. पोरांनी मले अम्मा म्हटलं, मले राग आला. डावीकडून गाडी काढली. चूक माही हाय. साळवीले विचार, मीच त्याले खोटं बोलाले लावलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणालो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझी मान वर होती.

दादांचा चेहरा लाल झाला. "मंग तर गाडी विकालेच पायजे! साठीच्या वर बाई, आन् राग येते म्हणून गाडी पळवते!"

"उलट हाय," मावशी म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "सांड असता तर विकली असती. सांडाले मी काय शिकवणार? पण चूक माही हाय ना, मंग ती सुधारता येते. सत्तावीस वर्षं मी पाय नसलेल्या पोरांले सांगितलं, शिक. आता मीच घरी बसू?" मग त्या गिऱ्हाईकाकडे वळल्या. "भैया, चाय पीकर जाइए. गाड़ी नहीं बिकेगी."

आणि शेवटी श्रीवास्तवजींना म्हणाल्या, "और भाई साहब, जिन लड़कों ने उठाया, उनको एक दिन खाने पर बुलाना है. पूरी कॉलनी को बताइए कि साँड़ था ही नहीं, और उठाया उन्होंने."

दादा तिसऱ्या दिवशी निघाले. दारात त्यांनी बॅग खाली ठेवली, पण बहिणीकडे न बघता बोलले. "यापुढं पडलीस तर मले फोन करू नको." ते जिना उतरून गेल्यावर मावशींनी मला स्वयंपाकघरात पाणी आणायला पाठवलं आणि मी परत आलो तेव्हा त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. त्या वर्षी दिवाळीत त्यांनी भाऊबीजेला फोन केला. तिकडून कोणी उचलला नाही.

डॉक्टर म्हणाले होते, चाला, पण धावणं विसरा. घोट्यात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू होते. मावशींनी डॉक्टरांचं पहिलं वाक्य पाळलं आणि दुसरं पुढे ढकललं. मार्चमध्ये काठी घेऊन कॉलनीच्या फाटकापर्यंत, एप्रिलमध्ये विजेच्या चौथ्या खांबापर्यंत. पावसाळ्यात दोन खांब चालायचं आणि एक खांब धावायचं. ते धावणं बघवत नसे. पाय बाहेर फेकला जाई, चेहरा पांढरा पडे. या दिवसांत त्या धावताना बोलत नसत, आणि ती शांतता मला फार जड वाटे.

गाडीचं त्याहून अवघड झालं. एका संध्याकाळी त्या खाली गेल्या, गाडी सुरू केली, बसल्या, आणि बंद करून उतरल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मी गॅलरीतून बघत असे. दहा-बारा दिवस हे चाललं. शेवटी एक दिवस त्यांनी कॉलनीला एक फेरी मारली, पहिल्या गियरमध्ये, सायकलवाल्याच्याही मागून, आणि वर येऊन माझ्याकडे चहा मागितला. "भीती वाटते रे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं जाईल. नाही जाणार ती. बसू दे मागच्या सीटवर."

पुढच्या हिवाळ्यात छावणीत दहा किलोमीटरची दौड होती, आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी. मावशींनी दोघांची नावं दिली. मी सव्वा तासात पोचलो. ज्या माणसाला दोनशे पावलांत उलटी झाली होती त्याला हे थोडं नव्हतं, पण पाठ थोपटायला कोणी नव्हतं म्हणून मी आलेल्या रस्त्यानेच परत चालत निघालो. सातव्या किलोमीटरच्या पुढे त्या भेटल्या. रस्ता पुन्हा वाहनांना खुला झाला होता. मागे अगदी पावलाच्या वेगाने रुग्णवाहिका येत होती आणि तिचा चालक खिडकीतून डोकं काढून विनवत होता.

"माताजी, बैठ जाइए. सब लोग जा चुके हैं."

"तो भीड़ नहीं होगी," मावशी म्हणाल्या.

मी शेजारी चालू लागलो. हात धरू का विचारलं, तर त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. नवव्या किलोमीटरला त्या रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "संपलं, साळवी. नाही होत." रुग्णवाहिकाही थांबली. चालकाने उतरून मागचं दार उघडलं. दोन-तीन मिनिटं गेली. मग त्यांनी मोजा खाली करून सुजलेल्या घोट्याकडे वाकून पाहिलं आणि अचानक, कितीतरी महिन्यांनी, तो जुना सूर आला. "काय रे बाप्पा? सहा-सहा खिळे ठोकले तुले, तरी कुरकुर? चल ऊठ!" आणि उठल्या. चालकाने दार लावून घेतलं. गाडीत बसताना तो हसत होता.

आम्ही पोचलो तेव्हा शेवटच्या रेषेवरची हवा भरलेली मोठी कमान खाली पाडून तिची घडी घालणं चाललं होतं. खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. मावशींनी घडी घालणाऱ्या माणसाला विचारलं, "भैया, लाइन कहाँ थी?" त्याने बोट दाखवलं. चुन्याची रेघ अर्धी पुसली गेली होती. मावशी तिथपर्यंत गेल्या, दोन्ही पाय रेघेच्या पलीकडे ठेवले आणि थांबल्या. पदकांची खोकी बांधून झाली होती. तो माणूस ओशाळून एक खोकं सोडू लागला, तर त्या म्हणाल्या, "रहने दीजिए. केला बचा है?" एक केळं होतं. अर्धं त्यांनी मला दिलं.

मे महिन्यात माझी कोल्हापूरला बदली झाली. घराजवळची बदली मिळाली म्हणून बायको आनंदात होती, मीही होतो. निघायच्या दिवशी मावशी स्टेशनवर आल्या नाहीत. "निरोप मला येत नाही," त्या म्हणाल्या. "वॉर्डातून बरं होऊन जाणाऱ्याला आम्ही फक्त बिछाना नीट करून ठेवायला सांगायचो." मी माझी रिकामी खोली झाडून, किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खोली एकदा आत जाऊन तपासली, मग मान हलवली. नापास केलं नाही एवढंच.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला दुपारी मला अमरावतीहून फोन आला. दादांचा आवाज मी पावणेदोन वर्षांनी ऐकत होतो.

"साळवी, ते आली," ते म्हणाले. "गाडी घेऊन. एकटी."

लखनौ ते अमरावती! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ओरई, ललितपूर, नरसिंहपूर, सिवनी, नागपूर असे पाच मुक्काम करत, रोज दुपारच्या आत गाडी बंद करून, सहाव्या दिवशी ती बाई भावाच्या दारात पोचली होती. पडले तर फोन करू नको म्हणालास, म्हणून न पडता आले, असं तिने दारातच सांगितलं म्हणे. दादा सांगत होते आणि मध्येच थांबत होते. "म्या ठरवलं होतं, बोलाचंच नाही. पर तिनं हेल्मेट काढलं, आन् सगळे केस पांढरे रे. मागच्या खेपेला इतके नव्हते. थांब, तिले देतो."

"साळवी!" मावशींच्या आवाजात रस्त्याची धूळ होती. "ओवाळून झालं. दादानं बासुंदी केली आहे, स्वतः. गोड जास्त झाली."

"पाय कसा आहे?"

"सुजलाय. चांगलाच सुजलाय. उद्या सकाळी धावायला जाणार नाही. परवा जाईन."

मागून दादांचा आवाज चढला. "परवा? कायले परवा? म्या फाटकाले कुलूपच लावतो!"

"लाव," मावशी म्हणाल्या. "फाटक ठेंगणंच हाय तुहं."